घुबडाच्या पेटीची स्वच्छता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासमध्ये वाको, ऑस्टिन, डॅलस या पट्ट्यात परसात एखादं जुनं झाड असेल, तर ‘ईस्टर्न स्क्रीच आऊल’ नावाचं छोटं घुबड तिथे राहायला येण्याची शक्यता बरीच असते. आकाराने ते आपल्या पिंगळ्याच्या जवळपास असतं. डोक्यावर पिसांचे दोन तुरे असतात आणि रंग राखाडी किंवा विटकरी. झाडाची ढोली मिळाली नाही तर ते माणसाने टांगलेल्या लाकडी पेटीतही आनंदाने संसार थाटतं. मग पेटीत कॅमेरा लावणाऱ्यांना आतला पसारा दिसतो आणि ते हादरतात. तिकडे राहणारी मराठी मंडळी असोत, की इकडे गव्हाणी घुबड किंवा पिंगळा शेजारी असलेली घरं असोत, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच येतात.

घुबड आपली पेटी साफ करतं का?

ज्याला आपण साफ करणं म्हणतो, तसं नाही. बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना आठवत असेल की पिल्लाने विष्ठा टाकली की आईबाप चोचीत एक पांढरी, ओलसर पुरचुंडी घेऊन उडून जातात. बुलबुल, दयाळ, शिंपी अशा पक्ष्यांच्या पिल्लांची विष्ठा पातळ आवरणात गुंडाळलेली बाहेर येते, म्हणून ती उचलता येते. घुबडाच्या पिल्लांच्या विष्ठेला असं आवरण नसतं. ती पातळ असते, पडते तिथे पसरते आणि मुरते. उचलून नेण्यासारखं हातात, म्हणजे चोचीत, काही येतच नाही.

शिवाय घुबड घरटं ‘बांधत’ही नाही. स्क्रीच आऊल काडी, गवत, पीस यांपैकी काहीच आणत नाही. ढोलीत किंवा पेटीत तळाला जो भुसा, कुजकं लाकूड, मागच्या वर्षीचा कचरा असेल त्यातच मादी अंग घुसळून खोलगट जागा करते आणि अंडी घालते. म्हणून पेटीत आपणच दोन-तीन इंच लाकडाच्या सालपटांचा थर घालून ठेवायचा असतो.

मग आत नेमकं काय काय साठतं?

विष्ठा, उलटीचे गोळे आणि उरलेलं अन्न.

उलटीच्या गोळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अनेकांना ते विष्ठाच वाटतात. घुबड छोटं भक्ष्य अख्खं गिळतं. मांस पचतं, पण हाडं, केस, पिसं, किड्यांची कवचं पचत नाहीत. ती पोटात दाबली जाऊन त्यांचा गोळा होतो आणि काही तासांनी तो तोंडावाटे बाहेर पडतो. वाळलेला गोळा फोडला तर उंदराची कवटी, जबडे, दात सगळं शाबूत सापडतं.

उरलेलं अन्न हा जास्त अवघड भाग. पिल्लं लहान असताना शिकार बहुतेक नर करतो आणि मादी पेटीत बसून तुकडे करून भरवते. शिकार भरपूर मिळाली की जास्तीची पेटीतच ठेवून दिली जाते: एखादा उंदीर, पाल, चिमणीएवढा पक्षी, कधी ओढ्यातला झिंगा. टेक्सासमध्ये अंडी साधारण मार्च-एप्रिलमध्ये घातली जातात आणि पिल्लं मोठी होतात तोवर मे उजाडतो. त्या उन्हात बंद पेटीत ठेवलेल्या मांसाचं काय होत असेल ते सांगायला नको. माश्या येतात, अंडी घालतात, अळ्या होतात. मुंग्याही माग काढतात.

पेटीत जिवंत साप दिसला. गांडुळासारखा होता. काय करू?

काहीही करू नका. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाको इथल्या बेलर विद्यापीठाचे फ्रेडरिक गेलबाख यांनी तिथल्या उपनगरांतल्या स्क्रीच आऊलचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी आणि रॉबर्ट बॉल्ड्रिज यांनी १९८७ साली ‘इकोलॉजिया’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं: ही घुबडं बाकीची शिकार घरट्यात आणताना मारून आणतात, पण ‘टेक्सास ब्लाइंड स्नेक’ नावाचा एक वीतभर लांबीचा, बारीक, जमिनीत राहणारा साप मात्र जिवंत आणतात. पिल्लं त्यांतले काही खातात. पण काही निसटतात, तळाच्या कचऱ्यात शिरतात आणि तिथेच राहू लागतात.

तिथे त्यांना खायला काय मिळतं? त्या कचऱ्यात वाढणाऱ्या मऊ अळ्या. म्हणजे विष्ठा, उलटीचे गोळे आणि शिळं मांस यांवर ज्या अळ्या पोसल्या जातात, त्याच सापाचं अन्न होतात. एरवी जमिनीखाली मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष खाणाऱ्या प्राण्याला ही मेजवानीच.

पुढचं निरीक्षण आणखी महत्त्वाचं. त्याच हंगामातल्या ज्या घरट्यांत असे साप राहत होते, तिथली पिल्लं साप नसलेल्या घरट्यांतल्या पिल्लांपेक्षा लवकर वाढली आणि त्यांच्यात मरण्याचं प्रमाण कमी होतं.

म्हणजे घुबड मुद्दाम सफाई कामगार आणतं?

असं म्हणण्याचा मोह होतो, आणि इंटरनेटवर ही गोष्ट याच रूपात फिरते. पण मूळ निबंधाने एवढा दावा केलेला नाही. घुबडाच्या दृष्टीने तो साप म्हणजे पावसानंतर रात्री जमिनीवर आलेलं, वळवळणारं भक्ष्य आहे. तो इतर भक्ष्यासारखा चटकन का मरत नाही, याला सापाचं शरीरही कारणीभूत असावं. त्याचे खवले गुळगुळीत, चकचकीत आणि एकमेकांवर घट्ट बसलेले असतात. पकडलं की तो अंगाची गुंडाळी करून वळवळतो आणि गुदद्वाराजवळून येणारा स्राव अंगभर फासतो. मुंग्यांच्या वारुळात शिरताना मुंग्यांना दूर ठेवणारा हाच स्राव.

फायदा कसा होत असावा, याबद्दल लेखकांनी दोन शक्यता मांडल्या. एक, अळ्या पिल्लांना त्रास देतात, तो त्रास कमी होतो. दोन, साठवलेलं मांस अळ्या फस्त करतात. अळ्या कमी झाल्या की ते अन्न पिल्लांसाठी उरतं. मला दुसरी शक्यता फार पटते, कारण ती घरट्याला उष्ट्या-खरकट्याची जागा न समजता कोठीघर समजते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. चांगली शिकार करणाऱ्या जोडप्याच्या घरट्यात साप जास्त येणार आणि त्यांचीच पिल्लं जास्त धष्टपुष्ट असणार, असंही असू शकतं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं लगेच म्हणता येत नाही.

एवढासा आंधळा साप किती अळ्या खाणार?

दिसतो त्यापेक्षा पुष्कळ. नेथन क्ले आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड यांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये याच जातीच्या खाण्याच्या पद्धतीवर लिहिलं होतं. बहुतेक साप भक्ष्य गिळताना वरच्या जबड्याच्या दोन बाजू आळीपाळीने पुढे सरकवतात. हा साप तसं करत नाही. त्याचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि जबड्याच्या पुढच्या दोन फळ्या झुलत्या दरवाजासारख्या एकदम आत-बाहेर होतात. प्रत्येक झोक्याला अळी थोडी आत ओढली जाते. हे इतक्या झपाट्याने चालतं की वारुळातल्या मुंग्या अंगावर येईपर्यंत त्याचं पोट भरलेलं असतं. घरट्यात तर त्याला तेवढीही घाई नसते.

आपल्याकडचा वाळा साप म्हणजे हाच का?

दूरचा नातेवाईक. वाळाही आंधळ्या सापांपैकीच, तोही बिनविषारी, तोही मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खाणारा, आणि त्यालाही लोक गांडूळ समजतात. पण कूळ वेगळं. गंमत म्हणजे वाळ्याचे दात नेमके उलटे, फक्त वरच्या जबड्यात असतात. वाळ्यामध्ये नर नसतातच. मादी एकटीच प्रजा वाढवते. कुंड्यांच्या मातीतून तो जगभर पोहोचला आहे, अगदी टेक्सासमध्येही. तेव्हा तिथल्या कुणाला बागेत चमकदार, गांडुळाएवढा साप दिसला, तर तो स्थानिक जातीचा असेल किंवा आपल्या गावाकडचा पाहुणाही असेल.

मग मी वाळा पकडून पेटीत सोडला तर?

कृपा करून सोडू नका. गेलबाख यांचं काम एका प्रदेशातल्या एका जातीच्या घुबडाबद्दल आणि एका जातीच्या सापाबद्दल आहे. त्यातून ‘घुबडाला साप द्या’ असा घरगुती उपाय निघत नाही. जमिनीत राहणारा प्राणी उन्हात तापणाऱ्या पेटीत कोंडला तर तो वाळून मरेल. शिवाय भारतात वन्य साप हाताळणं कायद्याच्या कक्षेत येतं. घुबडाला जे आणायचं ते घुबड आणेल.

अळ्या, मुंग्या दिसतात. कीटकनाशक फवारू का?

नाही, अजिबात नाही. अंडी किंवा पिल्लं आत असताना पेटीत कोणताही फवारा, पावडर, डांबरगोळी, निलगिरी तेल काहीही घालू नये. एक तर बंद जागेत त्या वाफेचा पहिला त्रास पिल्लांनाच होतो. दुसरं, अळ्यांना मारणारं औषध अळ्या खाणाऱ्यांनाही मारतं. तळाचा कचरा ही एक चालती वस्ती असते. त्यात माशीच्या अळ्या असतात, वाळलेलं कातडं आणि केस कुरतडणारे भुंगेरे असतात, आणि नशीब असेल तर साप. ती वस्ती मोडली की सफाई थांबते, वास मात्र राहतो.

मुंग्यांची रांग लागली असेल तर खोडावर, पेटीपासून खूप खाली, काही करता येतं का ते बघा. पेटीला हात लावू नका.

आणखी एक विनंती. घराभोवती उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवत असाल तर त्या थांबवा. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होतो आणि घुबडाच्या तावडीत सहज सापडतो. मग ते विष थेट पेटीतल्या पिल्लांच्या पोटात जातं. पेटीतल्या घाणीने जितकी पिल्लं दगावतील असं तुम्हाला वाटतं, त्यापेक्षा या गोळ्यांची भीती मला जास्त वाटते.

घुबड स्वतःचं अंग तरी स्वच्छ ठेवतं का?

हो, आणि फार निगुतीने. पिसं चोचीतून ओढून साफ करणं, पावसात पंख पसरून भिजणं, उथळ पाण्यात आंघोळ करणं हे सगळं चालतं. गव्हाणी घुबडाच्या पायाच्या मधल्या नखाला तर कंगव्यासारखे दाते असतात. डोकं आणि चेहऱ्याच्या चकतीवरची पिसं विंचरायला चोच पोहोचत नाही तिथे हे नख येतं. गव्हाणीची पिल्लं एकमेकांचीही पिसं साफ करतात. पेटीच्या कॅमेऱ्यात हे दृश्य दिसलं तर थांबून बघा. अंडी उबवणारी मादी संध्याकाळी थोडा वेळ पेटीबाहेर येते, अंग झाडते, शरीरधर्म उरकते आणि परत जाते. म्हणजे घाण न करण्याची थोडी काळजी तीही घेते.

गव्हाणी घुबड तर घाणीवरच अंडी घालतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, फक्त ‘घाण’ हा शब्द आपला आहे. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा सोसायटीच्या डक्टमध्ये गव्हाणी घुबड राहत असेल तर खाली उलटीच्या काळपट गोळ्यांचा खच दिसतो. मादी ते गोळे पायांनी फोडते, कुस्करते आणि त्या केसाळ भुग्याची खोलगट गादी करते. ही गादी कोरडी, मऊ आणि ऊब धरणारी असते. अंडी घरंगळत नाहीत. त्यामुळे गव्हाणीच्या पेटीतला कोरडा थर दरवर्षी खरवडून काढण्याची गरज नसते. दोन-तीन वर्षांनी काढला तरी चालतो.

पण काढावा मात्र लागतो, आणि त्याचं कारण स्वच्छता हे नाहीच. ब्रिटनमधली ‘बार्न आऊल ट्रस्ट’ ही गव्हाणी घुबडांसाठी काम करणारी संस्था सांगते की पेटीच्या दाराची खालची कड तळापासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावी. उडता न येणारी पिल्लं दारापर्यंत चढून खाली पडू नयेत म्हणून ही खोली. आता दरवर्षी काही इंच गोळे साठत गेले की तळ वर येतो आणि दार पिल्लांच्या आवाक्यात येतं. पडलेल्या पिल्लाला आईबाप जमिनीवर भरवतीलच याची खात्री नसते. म्हणून थर काढायचा.

पेटी साफ कधी करायची?

टेक्सासमधल्या स्क्रीच आऊलसाठी पिल्लं उडून गेल्यावर, उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिवाळा सुरू होईपर्यंत. अंडी उबायला सुमारे तीस दिवस आणि पिल्लं पेटीबाहेर पडायला आणखी जवळपास चार आठवडे लागतात. थंडीत घुबड रिकामी पेटी नुसती झोपायलाही वापरतं, त्यामुळे उघडण्याआधी दाराकडे नीट पाहा. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याखाली वापरातलं घरटं हलवता किंवा मोडता येत नाही.

महाराष्ट्रात महिना सांगणं अवघड आहे, कारण गव्हाणी घुबडाचा विणीचा हंगाम पक्का नसतो. अन्न भरपूर असेल तर ते वर्षात केव्हाही अंडी घालू शकतं. पिंगळ्याची वीण बहुतेक हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. तेव्हा कॅलेंडरपेक्षा खुणा पाहा. संध्याकाळी पिल्लांचा फुसफुस किंवा खरखर आवाज येतो का, मोठी घुबडं चोचीत काही घेऊन आत जातात का, खाली ताजे, ओले, चमकदार गोळे पडतात का. यांतलं एक जरी उत्तर ‘हो’ असेल तर थांबा. घुबडांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे.

कशी करायची?

तोंडाला चांगला मास्क आणि हातात रबरी मोजे घाला. वाळलेली विष्ठा आणि गोळ्यांची धूळ छातीत जाऊ देऊ नका. त्यातून बुरशीचे आजार होऊ शकतात, आणि अमेरिकेत पेटीत उंदरांनीही मुक्काम केलेला असेल तर त्यांच्यापासूनचा धोका वेगळा. आधी पाण्याचा हलका फवारा मारून कचरा ओलसर करा, मग खरवडा. कोरडा झाडू मारू नका. तळाची पाणी निचऱ्याची भोकं बुजली असतील तर खिळ्याने मोकळी करा. माझ्या मते सगळ्या साफसफाईत हे काम सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण पेटीत पाणी साचलं की कोरडा कचरा सडू लागतो.

गरज वाटली तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी लावून धुवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि दार उघडं ठेवून कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. मग लाकडाच्या सालपटांचा नवा थर घाला. करवतीचा बारीक भुसा नको, तो ओल धरतो. आतून रंग, व्हार्निश काही लावू नका. पिल्लांना चढायला खडबडीत लाकूड लागतं. टेक्सासमध्ये पेटी पुन्हा टांगायची ती जानेवारीच्या आत.

गोळे टाकून देण्याआधी मुलांना दाखवा. ओले करून चिमट्याने उलगडले की किती उंदीर, किती चिचुंदऱ्या, किती किडे खाल्ले याचा हिशोब समोर येतो.

सोसायटीच्या डक्टमध्ये गव्हाणीने पिल्लं घातली आहेत. वास येतो, रात्रभर आवाज येतो. शेजारी घरटं काढायला सांगतात. काय सांगू?

तारीख सांगा. गव्हाणीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत उडून जातात. पिल्लं पांढऱ्या लवेची असतील तर अजून बराच काळ आहे. चेहऱ्याची हृदयाच्या आकाराची पांढरी चकती स्पष्ट दिसत असेल आणि पंखांवर सोनेरी पिसं आली असतील तर थोडेच आठवडे उरलेत. तोवर त्या बाजूची खिडकी बंद ठेवा आणि खाली पडलेले गोळे मोजे घालून, ओले करून उचला. म्हणजे वासाची निम्मी तक्रार मिटते. डक्टमध्ये फिनेल ओतू नका.

शेजाऱ्यांना त्यातला एखादा गोळा उलगडून दाखवता आला तर जरूर दाखवा. सोसायटीच्या तळघरातले उंदीर कुठे गेले, याचं उत्तर त्यांना तिथे मिळतं. पिल्लं उडाल्यावर डक्ट साफ करून जाळी लावायची असेल तर लावा, पण त्याआधी जवळच्या एखाद्या झाडावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात खोल पेटी बसवून द्या. तेच जोडपं दुसरी जागा शोधत असतं.